ऊर्जा, आर्थिक विकास आणि हवामानबदल : कृषिपंपाच्या वीजपुरवठ्यातून दिसणारे समतोलाचे अर्थशास्त्र

प्रस्तावना

जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणविषयक परिषद भरली. यजमान स्वीडनच्या पंतप्रधानांव्यतिरिक्त तेथे उपस्थित राहिलेल्या एकमेव सरकारप्रमुख म्हणजे श्रीमती इंदिरा गांधी. दारिद्र्याचा प्रश्न बाजूला ठेवून पर्यावरणाचा विचार करता येणार नाही, ही भूमिका त्यांनी तेथे मांडली. पुढे १९९२ च्या रिओ परिषदेत स्वीकारल्या गेलेल्या हवामानबदलविषयक करारात 'समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या' हे तत्त्व आले, त्याचे मूळ बऱ्याच अंशी याच भूमिकेत आहे. १९९७ च्या क्योटो करारात बंधने केवळ विकसित राष्ट्रांवर होती. २०१५ च्या पॅरिस करारात मात्र प्रत्येक राष्ट्राने आपले उद्दिष्ट स्वतः जाहीर करावे असे ठरले आणि विकसनशील राष्ट्रांचा प्रश्न 'आम्ही का करावे' येथून 'आम्ही कसे करावे' येथे येऊन पोहोचला.

या प्रश्नाची मांडणी आपल्याकडे बहुधा तराजूच्या रूपकातून केली जाते. एका पारड्यात आर्थिक विकास, दुसऱ्यात पर्यावरण आणि मधला काटा म्हणजे ऊर्जा. पदवीच्या वर्गात 'पर्यावरण अभ्यास' हा अनिवार्य विषय शिकवतानाही शाश्वत विकासाची व्याख्या लिहून दिली की प्रकरण संपते. (व्याख्या पाठ होते, विजेचे बिल मात्र कोणी वर्गात आणत नाही.) प्रस्तुत लेखात असे सुचवावयाचे आहे की, भारतासारख्या देशात विकास आणि हवामान यांचा संघर्ष सर्वत्र सारखा नसतो. वीज दिवसाच्या कोणत्या प्रहरी वापरली जाते, भांडवल कोणत्या व्याजदराने मिळते आणि वितरण कंपनीचा तोटा कोण भरून काढतो, या तीन व्यावहारिक बाबींवर तो तीव्र होतो किंवा सौम्य होतो. महाराष्ट्रातील कृषिपंप हे याचे उत्तम उदाहरण होय.

उत्सर्जनाचे गणित

जपानी अभ्यासक योइची काया यांनी मांडलेले एक साधे समीकरण येथे उपयोगी पडते. एखाद्या देशाचे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन हे चार घटकांचा गुणाकार असते : लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या प्रत्येक एककामागे होणारे उत्सर्जन. पहिले दोन घटक मिळून राष्ट्रीय उत्पन्न होते. ते वाढावे असेच कोणत्याही विकसनशील देशाचे धोरण असणार. म्हणून शमनाचा, म्हणजे उत्सर्जन रोखण्याचा, सारा भार उरलेल्या दोन घटकांवर पडतो.

समजा, अर्थव्यवस्था वर्षाला ६.५ टक्क्यांनी वाढते आहे. उपकरणे व यंत्रे सुधारल्यामुळे ऊर्जेची तीव्रता वर्षाला २ टक्क्यांनी घटते आहे आणि स्वच्छ इंधनांमुळे ऊर्जेतील कार्बनचे प्रमाण १ टक्क्याने कमी होते आहे. हे दोन्ही वेग वाईट नाहीत. तरीही एकूण उत्सर्जन वर्षाला सुमारे ३.३ टक्क्यांनी वाढतच राहील. भारताने २०२२ मध्ये सुधारित केलेल्या उद्दिष्टाकडे याच दृष्टीने पाहावे लागते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात होणारे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करणे, असे ते उद्दिष्ट आहे. पंचवीस वर्षे सरासरी ६ टक्के वाढ गृहीत धरली तर उत्पन्न सुमारे ४.३ पट होते. त्यामुळे हे उद्दिष्ट पूर्ण होऊनही प्रत्यक्ष उत्सर्जन २००५ च्या सुमारे २.४ पट असू शकते. हे उद्दिष्ट फसवे आहे असे काही जण म्हणतात. ते योग्य वाटत नाही. भारताचे दरडोई उत्सर्जन सुमारे २ टन, म्हणजे जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. अमेरिकेचे १४ टनांच्या आसपास आहे. त्याच वेळी एकूण उत्सर्जनात चीन व अमेरिकेनंतर भारताचाच क्रमांक लागतो, हेही खरे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे हीच आपली अडचण आहे, आणि वादात आपल्याला सोयीचे तेवढेच विधान उच्चारण्याची सवय दोन्ही बाजूंना आहे.

स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष वीज

जून २०२५ मध्ये भारताच्या एकूण स्थापित वीजनिर्मिती क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर पोहोचला. हे उद्दिष्ट २०३० साठीचे होते. ते पाच वर्षे आधी साध्य झाले. ही मोठीच कामगिरी होय. परंतु त्याच सुमारास, २०२४-२५ या आर्थिक वर्षात, देशातील कोळशाचे उत्पादनही इतिहासात प्रथमच १०० कोटी टनांच्या पुढे गेले आणि प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेतील कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांहून अधिक राहिला.

या दोन विधानांत विसंगती नाही. एक मेगावॉट क्षमतेचा सौर प्रकल्प वर्षभरात सरासरीने आपल्या क्षमतेच्या एकपंचमांश ते एकचतुर्थांश इतकीच वीज देतो, कारण रात्री सूर्य नसतो. औष्णिक संच त्याच क्षमतेवर साधारण तिप्पट वीज देतो. त्यामुळे क्षमतेचे आकडे वाचताना सावध असावे. घरात किती माणसे राहतात यावरून किती माणसे कमावती आहेत हे कळत नाही, तसेच हे आहे. दुसरे कारण मागणीचे आहे. ३० मे २०२४ रोजी देशातील विजेची कमाल मागणी २५० गिगावॉटवर गेली. भारतात दरडोई वीजवापर वर्षाला सुमारे १,४०० युनिट आहे आणि तो वाढणे आवश्यकच आहे. नवी सौर वीज प्रथम ही वाढ भागवते. जुना कोळसा हटवण्याची पाळी नंतर येते.

भांडवलाची किंमत

सौर वीज स्वस्त झाली, हे आता सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रीय सौर अभियानाच्या २०१० मधील पहिल्या लिलावात युनिटला दहा रुपयांहून अधिक असलेला दर डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १.९९ रुपयांपर्यंत खाली आला. पण 'स्वस्त' या शब्दाचा अर्थ औष्णिक विजेबाबत एक आणि सौर विजेबाबत दुसरा होतो. औष्णिक केंद्राचा मोठा खर्च इंधनाचा असतो. तो वर्षानुवर्षे, वीज विकता विकता करावयाचा असतो. सौर प्रकल्पाचा जवळजवळ सर्व खर्च पहिल्या वर्षीच होतो. सूर्यप्रकाशाला पैसे पडत नाहीत, पण प्रकल्पाच्या कर्जाला व्याज पडते.

एक काल्पनिक हिशोब करून पाहू. एक मेगावॉटच्या प्रकल्पाला ४ कोटी रुपये लागले आणि त्यातून वर्षाला साडेसोळा लाख युनिट वीज मिळाली असे धरू. हे भांडवल २५ वर्षांत समान हप्त्यांनी फेडावयाचे आहे. व्याजदर ४ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता सुमारे २५.६ लाख रुपये, म्हणजे युनिटमागे सुमारे दीड रुपया पडतो. व्याजदर १० टक्के झाला की हप्ता ४४ लाखांवर आणि युनिटचा भार सुमारे २.६७ रुपयांवर जातो. १४ टक्के दराने तो साडेतीन रुपये होतो. तीच काच, तेच ऊन, तीच जमीन. फरक केवळ व्याजाचा. आफ्रिकेतील अनेक देशांत भरपूर ऊन असूनही सौर प्रकल्प उभे राहत नाहीत याचे मोठे कारण हे आहे. याउलट युरोपातील ढगाळ देशांत ते उभे राहतात.

आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत निधीचा प्रश्न एवढा कळीचा का होतो, हे यावरून समजावे. २००९ मध्ये कोपनहेगन येथे विकसित राष्ट्रांनी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभारण्याचे मान्य केले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या हिशोबानुसार हा आकडा प्रथम २०२२ मध्ये, म्हणजे दोन वर्षे उशिरा गाठला गेला आणि त्यातही कर्जाचा वाटाच मोठा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट ठरले, तेव्हा भारताने सभागृहातच त्याविषयी नापसंती नोंदवली. रकमेइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न ही रक्कम कोणत्या दराने व कोणत्या चलनात मिळते हा आहे. डॉलरमध्ये घेतलेले कर्ज रुपयात वीज विकून फेडताना काय होते, याचा धडा महाराष्ट्राने दाभोळ प्रकल्पात घेतला. १९९३ मध्ये वीजखरेदी करार झालेला तो प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. मागणीचे फुगवलेले अंदाज, आयात इंधन आणि डॉलरशी बांधलेला दर या तिन्हींचा बोजा राज्य वीज मंडळाला पेलला नाही. तो प्रकल्प कोळशाचा नव्हता, आणि अडचणही प्रदूषणाची नव्हती.

कृषिपंप : रात्रीची वीज आणि दिवसाची वीज

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. महाराष्ट्रात सुमारे ४४ लाख कृषिपंपांना वीजजोडणी आहे. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली; तिच्या विक्रीत शेतीचा वाटा चौथ्या हिश्श्याहून अधिक राहिला आहे. पंपांना थ्री-फेज वीज चोवीस तास दिली जात नाही. गावठाणाचे फीडर आणि शेतीचे फीडर वेगळे करून शेतीला दिवसा आठ तास आणि रात्री आठ किंवा दहा तास अशी चक्राकार पद्धतीने वीज देण्याची व्यवस्था वर्षानुवर्षे चालत आली. एका आठवड्यात तीन-चार दिवस दिवसाची पाळी, उरलेले दिवस रात्रीची.

रात्रीची वीज ही शेतकऱ्याची मागणी कधीच नव्हती. मग ती का दिली गेली? याचे उत्तर औष्णिक संचाच्या स्वभावात आहे. कोळशाचा बॉयलर दिव्यासारखा बंद-चालू करता येत नाही. मध्यरात्रीनंतर कारखाने व घरे यांची मागणी उतरते, तेव्हाही संच काही किमान भारावर चालू ठेवावा लागतो. ही शिल्लक वीज कोठे खपवायची? वितरण यंत्रणेच्या हातात ज्याचे वेळापत्रक होते असा एकच मोठा ग्राहक होता, तो म्हणजे शेतकरी. भारनियमनाच्या काळात तर कमाल मागणीच्या वेळी सर्वांत आधी शेतीचे फीडर बंद होत. अशा रीतीने विजेच्या यंत्रणेचा दिवस सपाट करण्याचे काम शेतकऱ्याच्या रात्रीवर सोपवले गेले. अर्थशास्त्राच्या भाषेत हा एक न मोजलेला खर्च होता. तो कोणत्याही वीजदर आदेशात दिसत नाही.

खर्च कोणता, हे ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सांगावयास नको. हिवाळ्यात गव्हाला किंवा हरभऱ्याला पाणी देण्यासाठी मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर जाणे, ओल्या जमिनीत उघड्या वायरींशी व स्टार्टरशी झटापट करणे, साप-विंचवाची भीती. जुन्नर, संगमनेर या पट्ट्यात उसातील बिबट्याची. हे टाळण्यासाठी शेतकरी पंपाला ऑटोस्विच बसवतो. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो, शेतकरी घरी झोपलेला असतो आणि पाणी भरलेल्या वाफ्यातून ओसंडून वाहत राहते. एका फीडरवरचे सर्व पंप एकाच क्षणी सुरू झाल्याने रोहित्रावर एकदम भार येतो आणि ते जळते. ऑटोस्विच काढा व कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करीत आहे. आवाहन बरोबर आहे. पण ज्या वेळापत्रकाने ऑटोस्विच जन्माला घातला ते वेळापत्रक शेतकऱ्याने ठरवले नव्हते. डीपी जळाली की ती बदलून मिळेपर्यंत उभे पीक वाळते, तो तोटा पुन्हा त्याचाच.

हवामानाच्या बाजूने हाच हिशोब मांडू. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे साधारण ३.७ किलोवॉट. तो आठ तास चालला तर सुमारे ३० युनिट वीज लागते. भारतीय ग्रीडमध्ये एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो. म्हणजे एका पंपाच्या एका पाळीमागे २१ किलो. रात्रीची वीज तर सरासरीहून अधिक कोळशाची असते. दूरच्या औष्णिक केंद्रापासून वावरापर्यंत येताना जी गळती होते ती वेगळीच.

सौर विजेने या जुन्या गणिताची दिशा उलटी केली आहे. आता दुपारी वीज मुबलक आणि स्वस्त, तर संध्याकाळी ती टंचाईची. यंत्रणेला सोयीची वेळ आणि शेतकऱ्याला सोयीची वेळ प्रथमच एक झाली. पाण्याला साठवण असते, ओलाव्याला जमिनीत मुक्काम असतो. पिकाला पाणी सकाळी दहाला मिळाले काय किंवा दुपारी दोनला, फारसे बिघडत नाही. ढग आले आणि दोन तास वीज कमी पडली तरी भरपाई दुसऱ्या दिवशी होऊ शकते. रुग्णालय किंवा भट्टी यांच्याबाबत असे म्हणता येत नाही. सौर विजेच्या लहरीशी जुळवून घेऊ शकणारा एवढा मोठा दुसरा ग्राहकवर्ग क्वचितच सापडेल.

हा विचार पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने फीडरच्या पातळीवर सातत्याने मांडला. प्रत्येक शेतात स्वतंत्र सौरपंप बसवण्याऐवजी उपकेंद्राजवळ दोन ते दहा मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारावा, तो शेतीच्या फीडरला जोडावा. पंप, वायर आणि शेतकऱ्याची जोडणी आहे तशीच राहील, केवळ वीज दिवसा व जवळून येईल. २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली, तिचे स्वरूप हेच होते. राळेगणसिद्धी हे तिच्या पथदर्शी गावांपैकी एक. जमिनीच्या अडचणी आणि निविदांना मिळालेला अल्प प्रतिसाद यांमुळे पहिली काही वर्षे ती रखडली. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. त्यात खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ देऊ केली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये या टप्प्यातील पहिले पाच प्रकल्प, एकूण १९ मेगावॉट क्षमतेचे, राष्ट्राला अर्पण झाले. त्यानंतर कामाला वेग आला.

यातील पैशाची बाजू समजून घेणे अगत्याचे आहे. शेतीला वीज पोहोचवण्याचा खर्च युनिटला आठ रुपयांच्या आसपास आणि फीडरवरील सौर विजेचा दर सुमारे तीन रुपये, असे शासन सांगते. आजवर हा आठ रुपयांचा खर्च कोण भरत होता? थोडा भाग शेतकरी, काही भाग शासनाचे अनुदान आणि उरलेला उद्योग व व्यापारी ग्राहक, चढ्या दरांतून. यालाच क्रॉस-सबसिडी म्हणतात. परिणामी महाराष्ट्रातील कारखानदार शेजारच्या राज्यांतील दर दाखवून तक्रार करीत राहिले आणि मोठे उद्योग स्वतःची वीज घेऊन वितरण कंपनीच्या कक्षेबाहेर जाऊ लागले. चांगले पैसे देणारा ग्राहक गेला की उरलेल्यांवर भार वाढतो. ही साखळी तोडण्याची संधी तीन रुपयांच्या दिवसाच्या विजेत आहे. येथे हवामानधोरण विकासाच्या आड येत नाही. उलट उद्योगाचा वीजदर, शेतकऱ्याची झोप आणि कोळशाची बचत हे तिन्ही एकाच तारेवर येतात.

तथापि दोन सावधगिरीच्या गोष्टी नोंदवल्याच पाहिजेत. पहिली मोफत विजेची. २०२४ मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्याची मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना जाहीर केली. तिचा वार्षिक भार १४,७६० कोटी रुपये इतका सांगितला गेला. स्वस्त सौर विजेमुळे हा भार पुढे हलका होईल, असा युक्तिवाद आहे आणि तो निराधार नाही. पण पंपाला मीटर नसणे किंवा असून वाचला न जाणे, यामुळे शेतीच्या नावावर किती वीज दाखवली जाते आणि त्याआड चोरी व गळती किती दडते, हा जुना वाद त्याने मिटत नाही. आकडा टाकणारा एकटा शेतकरीच असतो असेही नाही. बिलच नसेल तर मोजण्याचे कारण उरत नाही, आणि न मोजलेली वीज कोणत्याही सुधारणेला पुरून उरते.

दुसरी गोष्ट भूजलाची. रात्रीच्या गैरसोयीने उपशावर एक ओबडधोबड मर्यादा होती. दिवसा, भरवशाची आणि मोफत वीज मिळाली की ती मर्यादा जाते. गुजरातने २००३ नंतर ज्योतिग्राम योजनेत फीडर वेगळे करून शेतीला आठ तासांची निश्चित वीज दिली, तेव्हा उपशाला वेळेचे बंधन हाच एक लगाम मानला गेला होता. मराठवाड्यात उसासाठी खोल विंधनविहिरी घेतल्या जात असताना सौर फीडरवर ठिबक सिंचनाची काही अट अथवा प्रोत्साहन नसेल, तर कार्बन वाचवून पाणी गमावल्यासारखे होईल. प्रस्तुत लेखकाच्या मते या योजनेतील सर्वांत कच्चा दुवा हा आहे. गायरान जमिनींचा प्रश्नही लहान नाही. एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते. कागदावर पडीक दिसणारी जमीन गावातील भूमिहीनांच्या जनावरांचे कुरण असते आणि काही गावांतून विरोध झाला तो याच कारणाने.

संध्याकाळचा प्रश्न

दुपारच्या भरपूर विजेने संध्याकाळी सातचा दिवा लागत नाही. सूर्य मावळतो त्याच वेळी घराघरांत मागणी चढते. त्यासाठी साठवण हवी किंवा लवचिक निर्मिती. साठवणीचा जुना व खात्रीचा मार्ग उदंचन जलविद्युत हा आहे : स्वस्त विजेच्या वेळी खालचे पाणी वर चढवायचे, टंचाईच्या वेळी खाली सोडायचे. सह्याद्रीच्या कड्यांनी महाराष्ट्राला ही देणगी दिली आहे. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून हेच करतो. मात्र नव्या प्रस्तावांपैकी अनेक पश्चिम घाटाच्या संवेदनशील पट्ट्यात आहेत, हे विसरता येत नाही. औष्णिक संचांनीही दुपारी भार ४० टक्क्यांपर्यंत उतरवावा, असे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये केले. त्याच वर्षी ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन दिवसाच्या सौर तासांत कमी आणि कमाल मागणीच्या तासांत अधिक दर आकारण्याचे तत्त्व आले. तूर्त शेती त्यातून वगळली आहे.

कोळशाचा जिल्हा

शमनाचा लाभ सर्वत्र पसरतो. त्याची किंमत मात्र काही ठिकाणी एकवटते. दक्षिण आफ्रिकेचा अनुभव या दृष्टीने वाचनीय आहे. २०२१ मध्ये ग्लासगो येथे त्या देशाशी श्रीमंत राष्ट्रांनी ८.५ अब्ज डॉलरचा 'न्याय्य ऊर्जा संक्रमण' करार केला. त्यात निखळ अनुदानाचा वाटा अगदी थोडा, बाकी बहुतांश कर्ज व हमी. ऑक्टोबर २०२२ मध्ये म्पुमलांगा प्रांतातील कोमाती हे जुने औष्णिक केंद्र बंद झाले. पर्यायी रोजगार उभे राहण्याआधीच केंद्र बंद झाल्याची टीका तेथे झाली. देशात त्या वेळी रोजचे भारनियमन सुरू होते, त्यामुळे तिला अधिकच धार आली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने या करारातून अंग काढून घेतले. ज्या मदतीच्या भरवशावर आराखडा केला ती मदतच सरकारे बदलली की बदलते, हे विकसनशील देशांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे हे चित्र चंद्रपूरला लागू पडते. २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र, वेकोलिच्या खाणी, घुग्घुस-बल्लारपूर पट्ट्यातील सिमेंट व कागद उद्योग; तेथील हवेची तक्रार जुनी आहे आणि तेथील पगारही त्याच धुराड्याशी बांधलेला आहे. कायम कामगाराला निवृत्तिवेतन मिळेल, बदली मिळेल. कंत्राटी कामगार, कोळसा वाहणारा ट्रकचालक, खाणीच्या फाटकाजवळचा टपरीवाला यांची कोठेच नोंद नाही. कोळशाशी केवळ जिल्हाच बांधलेला आहे असेही नाही. झारखंड, ओडिशा, छत्तीसगड या राज्यांच्या तिजोरीत स्वामित्वधन कोळशाचे येते आणि रेल्वे प्रवाशाचे भाडे स्वस्त ठेवते ते मुख्यतः कोळशाच्या मालवाहतुकीच्या जोरावर.

केंद्राने २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसवला, तो २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला. उद्देश स्वच्छ ऊर्जेसाठी निधी उभारणे हा होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर ही रक्कम राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हा उपकरच रद्द होऊन कोळशावरील कराचा दर ५ वरून १८ टक्के करण्यात आला. म्हणजे संक्रमणासाठी राखून ठेवलेला असा निधी आता उरलेला नाही. उरतो तो जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा. २०१५ च्या कायदादुरुस्तीनुसार खाणपट्टा केव्हा मिळाला यावर अवलंबून स्वामित्वधनाच्या १० किंवा ३० टक्के इतकी रक्कम त्यात जमा होते आणि खाणबाधित भागासाठी ती खर्च करावयाची असते. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात आज ती चांगली जमते. परंतु ही रक्कम निघालेल्या कोळशावर अवलंबून आहे; ज्या वर्षी खाण बंद होईल आणि कामगाराला तिची सर्वाधिक गरज पडेल, त्याच वर्षापासून तीत भर पडणे थांबेल. खाण चालू असेपर्यंतच तिचा काही भाग बाजूला काढून ठेवण्याची तरतूद करावयाची झाल्यास ती आजच्या रस्ते व सभागृहांच्या कामांतून कमी करावी लागेल, आणि तो निर्णय दिल्लीत नव्हे तर जिल्ह्याच्या ठिकाणी, नियामक परिषदेच्या बैठकीत घ्यावा लागेल.